छोट्या ईव्हीचे नेहमीचे बिघाड आणि भरवसा : नाशिककरांसाठी धागा

पाथर्डी_फाटा
छोटी ईव्ही घ्यावी की घेऊ नये यावरचे धागे इथे आधीच भांडून बंद झालेत. हा धागा ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांच्यासाठी. साधारण १७ ते २५ युनिटांची बॅटरी असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर धरा: कॉमेट १७.३, टियागो ईव्ही १९.२ किंवा २४, अशा. बिघाड काय, का होतो, घरी काय तपासता येतं आणि कुठे हात लावायचा नाही, एवढंच लिहा. कंपन्यांच्या नावाने शिमगा दुसरीकडे करा.

सुरुवात सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून. रात्री ८० टक्के चार्ज दाखवणारी गाडी सकाळी ठार. बटण दाबलं की डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, पण 'रेडी' (म्हणजे गाडी चालायला तयार) येत नाही. का?

मेगर
बारा व्होल्टची बॅटरी. दुसरं काही शोधायच्या आधी तीच बघा.

मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी ती उभ्या गाडीत तोडलेली असते. तिला जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे विजेवर ओढले जाणारे मोठे स्विच, बारा व्होल्टवर ओढले जातात. बारा व्होल्ट खाली गेले की काँटॅक्टर ओढले जात नाहीत, म्हणजे मोठी बॅटरी असून नसल्यासारखी. एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम लागले, किल्ली सापडत नाही म्हणाली, चार्जिंगची गन सुटेना, तर संशय इथेच घ्या.

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ च्या वर असेल तर ठीक, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, ११.८ च्या खाली म्हणजे गेली. मग गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजा. आता १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे, कारण मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर हिला चार्ज करतो. रेडीमध्येही १२.३ वर अडकलं असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही. कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा अर्थच्या वायरीच्या टोकाची थिंबल ढिली, असं काही तरी आहे. नवी बॅटरी आठवड्यात पुन्हा बसेल.

द्वारका_सर्कल
मेगरकाका, जंप स्टार्ट केलेलं चालतं का? शोरूमवाले हात लावू नका म्हणतात.

मेगर
बारा व्होल्टला बारा व्होल्ट जोडायला हरकत नाही, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी उघडा, जोडायचा पॉइंट त्यात दिलेला असतो. इथे स्टार्टर मोटर नाही, त्यामुळे मोठा करंट लागतच नाही. दुचाकीची बारा व्होल्टची बॅटरीसुद्धा काँटॅक्टर ओढायला पुरते. रेडी आली की वायरी काढा आणि दोन-तीन तास रेडीमध्ये ठेवा किंवा चार्जिंगला लावा. दहा मिनिटांत बंद केलीत तर पुन्हा तेच.

प्लस-मायनस उलट झालं तर फ्यूज जातो आणि कधी कन्व्हर्टरही, तेव्हा दोनदा बघून लावा. आपल्या ईव्हीवरून दुसऱ्याची डिझेल गाडी मात्र स्टार्ट करून देऊ नका. शेजारधर्म दुसऱ्या मार्गाने पाळा.

ओझरकर
त्यात भर. बॅटरी बसण्याचं कारण निम्म्या वेळा मालकानेच लावलेलं असतं. थेट वायर मारलेला डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये सुमारे ०.३ अँपियर खातो. दिवसाला झाले सात अँपियर-तास. या गाड्यांत बॅटरी ३५ अँपियर-तासांच्या आसपास, म्हणजे अडीच दिवसांत निम्मी. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणी-पोर्टला, कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल हा दुसरा चोर. तो पोर्टमध्ये असेपर्यंत काही गाड्यांचे कंट्रोलर नीट झोपतच नाहीत.

गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मायनसच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर लावा. २० ते ५० मिलिअँपियर नॉर्मल. २०० दिसले तर एकेक फ्यूज काढत जा.

मृणाल_नारोड
सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार्जिंगबद्दल कुणी लिहाल का? १५ अँपियरच्या पॉइंटवर पोर्टेबल चार्जर लावला की तासाभराने प्लग गरम होतो, आणि एप्रिल-मे आला की 'अर्थ फॉल्ट' येतो. पावसाळ्यात तोच पॉइंट व्यवस्थित चालतो. गाडी सर्व्हिस सेंटरला दिली की 'गाडीत दोष नाही' म्हणून परत.

वायरमन_अंबड
ताई, सर्व्हिस सेंटर खरं सांगतंय. दोष जमिनीत आहे.

पोर्टेबल चार्जरची वीट (केबलवरचा चौकोनी डबा) गाडीला करंट देण्याआधी अर्थिंग बघते. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली बेसॉल्टचा कातळ. काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाची मातीवरची पकड सुटते. कातळाचा रेझिस्टन्स मुळातच जास्त. त्यामुळे पावसाळ्यात ३-४ ओहम देणारा खड्डा मेमध्ये कितीतरी वर जातो. जुन्या इमारतींत तो खड्डा कुठे आहे हे चेअरमनलाही माहीत नसतं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात.

आधी मीटरने तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत. मग तोच तिसरा आकडा चार्जिंग चालू असताना मोजा. लोडवर तो ५ च्या पुढे गेला तर न्यूट्रल ढिला किंवा वायर बारीक. लोड नसतानाच फेज-अर्थ १५०-१८० असं अधांतरी दिसलं तर अर्थ तुटलेला. हे उघड्या टर्मिनलवर मोजायला जाऊ नका, सॉकेटमध्येच प्रोब घाला. भीती वाटत असेल तर वायरमन बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

उपाय: चार्जिंगसाठी वेगळा अर्थ पिट. पाइपाभोवती बेंटोनाइटचं कंपाउंड भरून घ्या, कारण ते ओल धरून ठेवतं. वर झाकण असलेलं चेंबर ठेवा आणि मार्च ते जून आठवड्याला बादलीभर पाणी ओता. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आलं की झालं. मीठ-कोळशाचा जुना खड्डाही चालतो, फक्त पाइप लवकर गंजतो.

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून द्या म्हणजे एरर जातो, असा सल्ला एखादा महाभाग देईल. त्याला पार्किंगमधून हाकला. न्यूट्रल वरून तुटला की गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील.

वायरमन_अंबड
प्लग गरम होण्याचं वेगळं लिहितो. ३.३ किलोवॅटचा चार्जर सहा-सात तास सलग १४ अँपियर घेतो. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो म्हणून त्याच सॉकेटला काही होत नाही. सॉकेटच्या आतल्या, पिन पकडणाऱ्या पाकळ्या ढिल्या होऊन तिथे ०.१ ओहमचा रेझिस्टन्स जरी आला तरी १४ × १४ × ०.१ म्हणजे जवळजवळ २० वॅट उष्णता एका पिनेवर. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी, मग वास.

मॉड्युलर १६ अँपियरच्या सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल तीन पिनांचा १६ अँपियरचा सॉकेट बसवा. सातपूर-अंबडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो. चार्जरचा प्लग त्याला बसणार नाही, म्हणून कंपनीने परवानगी दिलेला ॲडॉप्टर लागेल. नसेल तर चांगला जाड पाकळीचा १६ अँपियरचा सॉकेट घ्या आणि वर्षाला बदला. वीट प्लगला लोंबकळत ठेवू नका. भिंतीला हुक मारून तिचं वजन हुकावर द्या, कारण वजनानेच पाकळ्या उघडतात.

वायर तांब्याची ४ चौरस मिमी. मीटर रूमपासून पार्किंग ३० मीटर असेल तर अडीचच्या वायरीत जाऊन-येऊन ६ व्होल्ट पडतात, ४ च्या वायरीत ४. दीडच्या वायरीत १० व्होल्ट पडतात आणि भिंतीतली वायर तापते. २० अँपियरचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि स्वतंत्र ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की पडणारा), तोही 'ए' टाइप. साधा 'एसी' टाइप डीसी गळती आली की आंधळा होतो. ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स लावणार असाल तर वायर ६ चौरस मिमी आणि एमसीबी ४० चा. त्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या.

द्वारका_सर्कल
सोसायटीच्या जनरेटरवर चार्ज होत नाही त्याचंही कारण हेच का?

वायरमन_अंबड
बहुतेक वेळा हो. लहान जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो, विटेला अर्थ दिसत नाही. शिवाय जनरेटर लिफ्ट आणि पंपासाठी आहे, गाड्यांसाठी नाही. घरच्या इन्व्हर्टरचा तर विचारच सोडा.

सिन्नर_फाटा_७७
मूळ भीती मोठ्या बॅटरीची असते, त्यावर कुणी बोलेना. १५ टक्क्यांवरून एकदम ३ वर येते, मग 'कासव' लागतं, म्हणजे गाडी रांगायला लागते. बॅटरी गेली समजायची का? आणि ८० च्या वर चार्ज करू नये म्हणतात ते?

मेगर
८० चा नियम निकेल-मँगेनीज-कोबाल्टवाल्या बॅटरीचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी आहे. तिचा स्वभाव वेगळा.

एलएफपी सेलचं व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांमध्ये जेमतेम ०.१ व्होल्ट हलतं. व्होल्टेज बघून टक्के सांगता येत नाहीत. म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर) किती करंट आत गेला, किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी ठेवतो. या हिशेबात रोज थोडी चूक साचते. सेल पूर्ण भरला की व्होल्टेज एकदम चढतं आणि तिथे हिशेब पुन्हा जुळवला जातो. सारखं ८० ला थांबणाऱ्याचा हिशेब कधीच जुळत नाही, मग १५ दाखवताना बॅटरीत खरे ४ असतात. सेल एकसारखे करण्याचं, म्हणजे बॅलन्सिंगचं कामही वरच्या टोकालाच होतं, आणि तो करंट इतका छोटा असतो की तासन् तास लागतात.

तेव्हा एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा स्लो चार्जरवर १०० टक्के, आणि १०० दाखवल्यावरही गन तासभर लागलेली राहू द्या. ओळीने तीन-चार वेळा असं करूनही उडी तशीच राहिली तर सेल कमजोर असू शकतो. ओबीडी ॲपवर सेलचं सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टेज बघा, पण ५० टक्क्यांवर बघून काही कळणार नाही. तिथे मेलेला सेलही चांगल्यासारखाच दिसतो. १० टक्क्यांच्या आसपास, चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर बघा. दर वेळी एकच सेल नंबर इतरांपेक्षा खोल बुडी मारत असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि वॉरंटीचा दावा लावा. नंबर बदलत असेल तर तो बॅलन्सिंगचाच प्रश्न.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर मात्र ५० टक्क्यांवर ठेवा आणि बारा व्होल्टचा मायनस काढा.

ओझरकर
+१. मात्र गाडीत कोणती बॅटरी आहे हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. नावावरून आणि व्हॉट्सॲपवरून नको.

गोदाकाठ
पावसाळा आला की 'इन्सुलेशन फॉल्ट'. सकाळी येतो, दुपारी जातो. कोड पी०एए६.

मेगर
पी०एए६ म्हणजे मोठ्या बॅटरीच्या सर्किटमधून गाडीच्या बॉडीकडे गळती. मान्य मर्यादा दर व्होल्टला १०० ओहम, म्हणजे ३२० व्होल्टच्या बॅटरीला ३२ किलोओहम. धडधाकट गाडीत हा आकडा मेगाओहममध्ये असतो. त्यामुळे कोड आला याचा अर्थ इन्सुलेशन बरंच खाली आलंय.

कधी येतो यावरून निम्मं निदान होतं. पावसानंतर सकाळी येऊन उन्हात जातो: भगव्या (मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजच्या) केबलच्या एखाद्या कपलरमध्ये ओल. गाडी धुताना बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारणं हे याचं आवडतं कारण. फक्त एसी लावल्यावर येतो: कॉम्प्रेसर. कुणी एसीचा गॅस भरून घेतलाय का विचारा. ईव्हीच्या कॉम्प्रेसरची मोटर तेलातच बुडालेली असते आणि तिला पीओई तेल लागतं. पेट्रोल गाडीचं पीएजी तेल त्याच मशिनमधून आत गेलं की इन्सुलेशन उतरतं, आणि मग कॉम्प्रेसर, पाइप सगळं बदलावं लागतं. एसीवाल्याकडे ईव्हीसाठी वेगळं मशिन नसेल तर तिथून निघा. फक्त चार्जिंगला येतो: ऑनबोर्ड चार्जर किंवा गनचं सॉकेट. कायमच येतो: उंदीर, कूलंट किंवा बॅटरीच्या आत.

हे शोधण्याचं काम वर्कशॉपचं. सर्व्हिस प्लग काढून, कपॅसिटर उतरेपर्यंत मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून एकेक भाग सुटा करून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावतात. भगव्या केबलला चिकटपट्टी मारून दुरुस्ती होत नसते. उंदराने कुरतडलीय तर अख्खी केबल बदलायची.

सिन्नर_फाटा_७७
रेडी करताना 'टक' आवाज येतो आणि परत सुटतो. पाच-सहा वेळा बटण दाबलं की एखाद्या वेळी लागते.

मेगर
दाबत राहू नका. मुख्य काँटॅक्टर लागायच्या आधी एका रेझिस्टरमधून इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरले जातात, त्याला प्री-चार्ज म्हणतात. तो रेझिस्टर एखाद-दुसऱ्या वेळेसाठी बनवलेला असतो. ओळीने दहा वेळा दाबलंत तर तो जळतो आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो. दोनदा प्रयत्न करा, बारा व्होल्ट तपासा, नाही तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक).

गोदाकाठ
आणि पुराचं? होळकर पुलाखाली पाणी चढलं की सराफ बाजारापर्यंतच्या गाड्या अडकतात.

ओझरकर
बॅटरीचा डबा पाण्यापासून बंद केलेला असतो, पण तो स्वच्छ पाण्यात थोडा वेळ बुडण्याच्या चाचणीवर पास झालेला असतो. रात्रभर गाळात बसून राहण्यासाठी नाही. सीटपर्यंत पाणी आलेली गाडी चालू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. इमारतीपासून लांब मोकळ्यावर उभी करून वर्कशॉपला कळवा.

टोचन करून नेऊ नका. मोटरला जोडलेलं चाक जमिनीवर फिरलं की परमनंट मॅग्नेट मोटर जनरेटर होते आणि बंद गाडीतही व्होल्टेज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा. ढकलून दोन गाळे पुढे नेणं चालतं.

आता माझा विषय, खालची बाजू. कुंभाच्या कामांनी शहर खणलेलं आहे आणि या गाड्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दीड-दोनशे किलो जड. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश आधी जातात. हळू वेगात खडखड म्हणजे लिंक रॉड, ब्रेक मारताना एकच 'ठक' म्हणजे बुश. इंजिनाचा आवाज नसल्याने लोकांना हे आवाज उगाच मोठे वाटतात, म्हणून जॅकवर हात लावून खात्री केल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका. गतिरोधकावर खालून घासली तर बॅटरीच्या डब्याचा फोटो काढून ठेवा. ओरखडा ठीक. पत्रा आत दबला असेल तर दाखवा.

ब्रेकचा प्रश्न उलटा. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच बॅटरी चार्ज करते त्यामुळे, ब्रेक वापरलेच जात नाहीत. पावसाळ्यात डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना जाम होतात आणि पॅड एका बाजूने झिजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्यावर करून सात-आठ वेळा ६० वरून व्यवस्थित ब्रेक मारा. वर्षातून एकदा पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही झालेले असोत.

पाथर्डी_फाटा
घाटाचा हिशेब कुणी मांडाल का? कसाऱ्यात टक्के भराभर गळतात म्हणून लोक घाबरतात.

मेगर
माणसांसकट १४०० किलो गाडी १०० मीटर चढवायला ०.३८ युनिट लागतं. नुकसान धरून ०.४५ म्हणा. सपाटीवरच्या खर्चात एवढं मिळवायचं. उतरताना त्यातलं ६० टक्क्यांच्या आसपास परत येतं. बॅटरी १०० टक्के असेल तर रीजनला जागाच नसते, तेव्हा घोटी-इगतपुरीला काठोकाठ भरून कसारा उतरू नका. सगळा भार ब्रेकवर येतो. ८५-९० ला गन काढा.

समृद्धीवर घाट नाही तरी जास्त गळते. वेग ८० वरून ११० केला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. चौकोनी, उंच छोट्या गाडीला हे जास्त भोवतं.

मृणाल_नारोड
सेकंड हँड घेताना बॅटरी किती उरलीय हे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायचं नसेल तर? सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट मिळाला नाही तर?

वायरमन_अंबड
सॉकेटला लावायचा एनर्जी मीटर मिळतो. गाडी आधी १०० टक्के भरून, चालवून १० पर्यंत आणा. मग मीटरमधून १० ते १०० स्लो चार्ज करा.

१९.२ युनिटांची गाडी असेल तर बॅटरीत जायला हवेत १७.३. ऑनबोर्ड चार्जरमध्ये १० ते १५ टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर १९ ते २० युनिट दिसले पाहिजेत. १६.५ च दिसले तर बॅटरीत १४ ते १४.९ गेले, म्हणजे ८१ ते ८६ टक्के तब्येत. काही गाड्यांत कंपनीने थोडी बॅटरी राखीव ठेवलेली असते, म्हणून जमल्यास त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करा. सहा तास लागतील. विकणारा तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर तेही उत्तरच.

ओझरकर
त्याच सहा तासांत बाकीचं उरकून घ्या. गनच्या सॉकेटमधल्या पिना टॉर्च मारून बघा: एखादी काळी किंवा निळसर झालेली असेल तर ती तापलेली आहे. कूलंटच्या बाटलीत कंपनीच्या रंगाचंच कूलंट आहे ना बघा, साधं हिरवं टॉपअप केलेलं नको. कार्पेट उचलून खाली ओल किंवा गाळ. बॅटरी वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षांची असते, पण ती दुसऱ्या मालकाला किती मिळते हे लेखी घ्या. आणि बाहेरून लावलेल्या म्युझिक सिस्टीमसाठी मूळ वायरिंग कापलंय का, हे डॅशखाली हात घालून तपासा.

मृणाल_नारोड
आभार दोघांचे. मीटर कोणता घेऊ? ऑनलाइन दोन-तीन प्रकारचे दिसतायत.

वायरमन_अंबड
१६ अँपियर लिहिलेलाच घ्या. १० अँपियरचा स्वस्त मिळतो, पण सहा तास १४ अँपियर गेल्यावर तो मीटर आणि सॉकेट दोन्ही काढायला पक्कड लागते.